मरियेचं कुंकू

७ ऑक्टोबर १९४८, गुरुवार

शांतवननं ही वही दिली तेव्हा म्हणाला होता, आई, तुला अक्षरं शिकवलीत ती विसरू नकोस, मी परत येईपर्यंत रोज लिही. मी म्हटलं, रोज काय लिहू, भाकऱ्या किती भाजल्या ते? तो म्हणाला, तेही लिही. त्याला वर्ष होत आलं. आजवर तीन पानं झाली, त्यातल्या एकाची नात रुथीनं होडी केली.

आज लिहायला बसले, कारण आज कुणाशी बोलायचं नाही.

सकाळी लष्कराचं पत्र आलं. इंग्रजी. पाळकसाहेब त्र्यंबकरावांनी घरी येऊन वाचून दाखवलं. शांतवनची लॉरी सामान घेऊन काश्मीरच्या घाटात गेली, ती छावणीत परत आली नाही. दरीत गाडी सापडली, माणूस सापडला नाही. मेला असं लिहिलेलं नाही. जिवंत आहे असंही लिहिलेलं नाही. मी विचारलं, मग पत्र कशाला पाठवलं? पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

ते गेल्यावर सून तानू म्हणाली, "आत्ती, म्हंजी काय समजायचं?"

मी म्हटलं, "समजायचं काही नाही. भाकरी करपली बघ."

दुपारी देवळात गेले. बावीस वर्षं तिथली झाडलोट माझ्याकडे आहे, घंटाही मीच वाजवते. माळ्यावरची नाताळच्या बाहुल्यांची पेटी वाळवी लागली का बघायला काढली नि ती हातातून सुटली. कुणा मडमेनं फार वर्षांपूर्वी विलायतेहून आणलेल्या बाहुल्या होत्या. गोरी मरिया, पिवळ्या केसांचं बाळ, सगळ्याचा चुरा झाला. एक मेंढरू वाचलं, तेही तीन पायांवर.

पाळकसाहेब रागावले नाहीत. म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, मी फोडल्या, मी भरून देईन.

१४ ऑक्टोबर

तानूचा बाप गणपतराव उचगावाहून आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभा राहिला, पाणी घेतलं नाही.

हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं नव्हतं. शांतवन गूळ बाजारात लॉरी चालवायचा, ही बापाच्या गाडीबरोबर गूळ घेऊन यायची. तिथं जमलं. ती मराठ्याची पोर, आम्ही ख्रिस्ती. दोन्हीकडून आरडाओरडा झाला, त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. शेवटी मीच म्हटलं, करायचंच तर नीट करा. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या कपाळाचं कुंकू मी स्वतः पुसलं. ओल्या फडक्यानं. आमच्यात लावत नाहीत. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून बापानं नाव टाकलं.

आज म्हणाला, "नवरा जिता असताना कपाळ पुसलंसा. आता भोगा." हे मला. मग तिला म्हणाला, पोरीला घे नि घरला चल, हितं कुणाच्या जिवावर ऱ्हातीस?

मला वाटलं निघेल. ती म्हणाली, "नाताळापतोर थांबते, आबा. मग बघू."

नाताळ झाला की गाडी घेऊन येतो म्हणून गेला.

जाऊ दे की. दोन तोंडं कमी होतील. तिच्या हातची आमटी तशीही पातळच असते.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीच्या पणत्या संपल्या, आता कुंभारांना उसंत असेल म्हणून कुंभारवाड्यात गेले. कृष्णात कुंभाराचे गणपती मी रस्त्यावरून जाताना बघितले आहेत. हात चांगला आहे. तोंड हाताहून जास्त चालतं.

त्याला म्हटलं, एक बाई, एक बाप्या, एक तान्हं, तीन मेंढपाळ, तीन परदेशचे शहाणे, एक बैल, एक गाढव. सगळे वीतभर. नाताळाच्या आधी.

तो म्हणाला, "आक्का, यादी वाण्याला देत्यात. मला गोष्ट सांगा. कोण कुणाचं, कोण कशापायी आलंय, ते कळल्याबिगर मातीला हात लागत न्हाय."

मग त्याच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. सरकारनं शिरगणती काढली, ज्यानं त्यानं आपापल्या मूळ गावी जाऊन नाव लिहवायचं. बाईचे दिवस भरलेले, तरी निघावं लागलं. सरकारला काय, दिवस भरलेले दिसत नाहीत. गावात पोचले तर धर्मशाळेत जागा नाही. शेवटी गोठ्यात बाळंत झाली आणि पोर गव्हाणीत ठेवलं. मेंढपाळांना देवदूतांनी सांगितलं, ते बघायला आले. लांबून तारा बघत तीन शहाणे आले. राजाला सुगावा लागला, तो पोराच्या जिवावर उठला. मग रातोरात परमुलखात पळाले.

कृष्णाताची बायको झुंबरबाई माती तुडवत होती, ती थांबली. म्हणाली, "एवढ्या मोठ्या गावात एकानंबी दार उघडलं न्हाय?"

मला तो सूर आवडला नाही. मी म्हटलं, "माघात हितं बामणांची घरं पेटली तवा तू उघडलंस का?"

"उघडलं की," ती म्हणाली. "पलीकडच्या पेठंतली मास्तरीण नि तिची दोन लेकरं तीन दिस आमच्या गाढवांपाशी हुती."

मी बोटांवर मूर्ती परत मोजल्या. अकराच होत्या.

तेवढ्यात तिनं दुसरं काढलं. "सुईण कोण हुती?" मी म्हटलं, पुस्तकात सुईण नाही. "न्हाय कशी? नाळ कुणी कापली?" मी म्हटलं, लिहिणारे पुरुष होते. "मग त्यांनी इचारलंच नसंल," असं म्हणून ती पुन्हा माती तुडवायला लागली.

घरी आल्यावर तानूनं विचारलं, कुठं गेलता? मी म्हटलं, कामाला. तिला नाताळानंतर इथं राहायचंच नाही, तर तिला कशाला सांगा.

११ नोव्हेंबर

तरी सांगितलं. सुईणीचं ऐकून ती म्हणाली, झुंबरबाईचं खरं हाय. रुथीच्या वेळी तुमी नसता तर मी गेलते.

ते खरं आहे. पोर पायाळू होतं. पण त्यात बोलून दाखवण्यासारखं काय?

२८ नोव्हेंबर, रविवार

उपासना आटोपून कुंभारवाड्यात गेले. मूर्ती वाळत मांडल्या होत्या. योसेफाच्या डोक्याला फेटा, ओठावर मिशी. मी म्हटलं, मिशी कुठली? तर म्हणतो, सुतार हाय ना, मग मिशी नको? मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी. शहाण्यांतला एक आरब, एक दरबारी माणसासारखा, तिसऱ्याच्या काखेत पंचांग. तारे बघत आला म्हणजे पंचांग असणारच.

बैल नाही. म्हैस आहे, लांब शिंगांची. "बैल ठिऊन काय करायचा? बाळंतिणीला दूध कोण देणार?" बेथलेहेमात म्हशी होत्या का, हे मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, नसाव्यात. मग जरा थांबून म्हणाले, पण असायला हरकत नव्हती.

गाढव मात्र असं उतरलंय की आता लाथ मारील. घरचंच गिऱ्हाईक.

बाईचं तोंड अजून कोरं होतं. बाळाला कुंची आहे. कृष्णात काम करता करता सारखा माझ्याकडे बघत होता. "जरा उजेडाकडं तोंड करा, आक्का." मी म्हटलं, माझ्या तोंडात काय बघतोस, मातीत बघ. झुंबरबाईला हसू आवरेना. ह्या दोघांचं काही खरं नाही.

५ डिसेंबर

पत्र नाही.

पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की तानू भांडी घासायची थांबते. तो गेला की पुन्हा घासते. आमची भांडी कोल्हापुरात सगळ्यांत लखलखीत असतील.

आज तिनं शांतवनचे कपडे उन्हात घातले. कुणी घातलेले नाहीत, मळलेले नाहीत, तरी धुतले. मी म्हटलं, साबण कुठं मिळतो आहे एवढा? ती म्हणाली, "कुबट वास येतोय, आल्यावर घालणार कसं?" शर्टाचं एक बटण सैल होतं ते मी शिवलं. पडून हरवलं असतं.

२० डिसेंबर, सोमवार

मूर्ती आल्या. गाढवाच्या पाठीवर, भाताच्या पिंजरात गुंडाळून, कृष्णात स्वतः घेऊन आला. देवळाच्या ओसरीवर मी, तानू आणि रुथी सोडवायला बसलो.

अकरा सांगितल्या होत्या, बारा निघाल्या. बारावी एक म्हातारी आहे. हातात पाण्याची घागर, पदर खोचलेला, नाक बटाट्यासारखं, तोंड असं आवळलंय की आताच कुणाला तरी झाडून आली आहे. कृष्णात म्हणाला, "सुईण. झुंबरीनं सांगिटलं, ती नसंल तर मूर्ती द्यायच्या न्हाईत."

रुथी म्हणाली, आजी. मी म्हटलं, काय गं? ती नुसती त्या म्हातारीकडे बोट दाखवत बसली. तानूनं तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, बघते तर हसते. दोन महिन्यांत पहिल्यांदा. कशाला हसली ते कळलं नाही. म्हातारी दिसायला कजाग आहे हे खरं, पण हसण्यासारखं त्यात काही नाही. बिचारी काम करते आहे.

बाळाच्या गालावर काजळाची तीट आहे. येशूला दृष्ट! बरं, ते राहू दे.

शेवटी मरिया सोडवली. जांभळं लुगडं, डोक्यावरून पदर. तोंड इतकं साधं केलंय की बघत राहावं. आणि कपाळावर कुंकू. चांगलं पावलीएवढं, लालभडक.

मी म्हटलं, कृष्णात, आमच्या बायका कुंकू लावत नाहीत, हे पुसायला हवं. तो गाढवाची दोरी सोडत होता, सोडायची थांबला.

"नवरा शेजारी हुबा हाय, धडधाकट. तिचं कपाळ मोकळं ठिऊ? माझ्या हातनं न्हाय हुयाचं."

मी म्हटलं, ही काही तुमच्यातली नाही.

तो म्हणाला, "मी अशी बाई बघिटलीया, आक्का. गाढवांपाशी बसल्याली. मास्तर पुण्याला गेलतं, जिते हायत का न्हाईत ठावं न्हवतं. ती सारखी बोटानं कपाळ चाचपायची, हाय का, हाय का. तीच केलीया मी. तुमाला पुसायचं तर तुमी पुसा."

आणि गाढव घेऊन गेला. रंग कच्चाच आहे. बोट लागलं तरी निघेल.

तानू आत जाऊन केर काढायला लागली. मी सकाळीच काढला होता.

२३ डिसेंबर, गुरुवार

पाळकसाहेबांनी मूर्ती बघितल्या. मिशीला हसले, म्हशीला हसले, सुईणीकडे बघून मग माझ्याकडे बघितलं आणि खोकला काढला. मरियेपाशी थांबले. म्हणाले, धोंडुबाई, फार सुंदर आहे, पण कुंकू असू नये. लोक नाव ठेवतील, ज्यांनी मागचं सोडून दिलंय त्यांना त्रास होईल. उद्या मांडायच्या आधी पुसून घ्याल का?

बरोबरच बोलले. मी पाच वर्षांपूर्वी हेच बोलले असते. बोललेच होते.

दुपारी फडकं भिजवलं, पिळलं, मरियेला मांडीवर घेतलं. समोर सावली पडली म्हणून वर बघितलं. तानू उभी होती. फुलांची परडी घेऊन आली होती. ती काही बोलली नाही. हात धरला नाही. नुसती माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत होती, जसं त्या दिवशी बघितलं होतं. त्या दिवशी मला वाटलं होतं, पोर शहाणी आहे, गप्प राहते. आज तिचं तोंड बघितलं तर ते गप्प नव्हतं.

मी फडकं बाजूला ठेवलं. म्हटलं, फुलं तिथं नको ठेवूस, म्हैस खाईल. ती आत गेली. जाताना परडी तिथंच ठेवून गेली.

मला अपशकुन-बिपशकुन काही वाटत नाही. कुंकू पुसलं म्हणून माणूस मरत नाही नि लावलं म्हणून जगत नाही. हे मी गणपतरावाला तोंडावर सांगेन. पण माझा हात गेला नाही. का गेला नाही ते लिहिता आलं तर लिहीन.

संध्याकाळी पाळकसाहेबांना म्हटलं, रंग पक्का आहे, निघत नाही.

देवळात उभं राहून खोटं बोलले. पाळकसाहेबांनी जवळ जाऊन बघितलं. बोट ओलं करून पुढं नेलं. मग तसंच मागं घेतलं, धोतराला पुसलं नि म्हणाले, "खरंच की. पक्का दिसतो."

शिकलेल्या माणसांना रंगातलं काही कळत नाही, ते एक बरं झालं.

२५ डिसेंबर, शनिवार, नाताळ

घंटा वाजवली. उपासनेला गर्दी झाली. एरवी मी शेवटच्या बाकावर बसून पोरांचे कान पिरगळायचं काम करते, धर्मवचनाकडे लक्ष कमी. ही गोष्ट चाळीस वर्षं ऐकते आहे. आज समोर मूर्ती होत्या म्हणून असेल, पहिल्यांदा लक्षात आलं की मरियेला तरी कुठं माहीत होतं पुढं काय होणार ते. आपण पुस्तक शेवटापर्यंत वाचलेलं असतं, म्हणून गाणी म्हणतो. ती तेव्हा गोठ्यात बसली होती, पोराला पाजत होती, एवढंच. घरदार लांब, राजा जिवावर उठलेला. तरी पाजत होती. पाजायची वेळ झाली की पाजायचं.

याच्यापलीकडे मला धर्म कळला असेल असं वाटत नाही.

लोकांनी मूर्तींना नावं ठेवायच्या आधी पोरांनी त्या ताब्यात घेतल्या. म्हशीभोवती गर्दी. कुंकवाबद्दल दोघीतिघी कुजबुजल्या. मी बघितल्यावर थांबल्या.

गणपतराव आला होता. बैलगाडी बाहेर सोडलेली, चपला दाराशी काढून मागं भिंतीला टेकून उभा. सगळं संपेपर्यंत उभाच. लोक पांगल्यावर पुढं आला, फेटा सावरून मूर्तींपुढं वाकला. गाढव बघितलं, पोर बघितलं. मग मरियेकडे बघत राहिला.

"कुंकू हाय की," तो म्हणाला. "तुमच्यात चालतंय व्हय?"

पाळकसाहेब जवळच होते. तानू रुथीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती, गाठोडं काल बांधलेलं मी बघितलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "नवरा जिता असला की आमच्यात बी चालतंय."

रुथी मधेच, म्हैस दूध कवा देती, असं विचारायला लागली.

गणपतराव लेकीकडे वळला. तिचं कपाळ मोकळं होतं, पण मान वर होती. "आबा," ती म्हणाली, "मी येत न्हाय. हितं घरात माणूस यायचं हाय, दार उघडायला कोण पायजे."

तो फेट्याच्या शेवाशी खेळत राहिला. मला वाटलं आता फुटतो. मी तयारीत होते. पण तो बाहेर गेला आणि गाडीतून नव्या गुळाची ढेप खांद्यावर घेऊन आला. "पोरीला आणलाय," म्हणाला. म्हणजे कुठल्या पोरीला ते बोलला नाही.

घरी येऊन ओसरीवर बसला. मी तांब्या पुढं केला. प्यायला. जेवला नाही, पण आमटीची वाटी बघून म्हणाला, तिच्या आईसारखी पातळ करती. मी म्हटलं, व्याही, पातळ आमटी तब्येतीला चांगली असते.

आता सगळे झोपायला गेलेत नि मी विचार करते आहे. मी काय बोलून बसले? पुरावा काय? लष्कराला माहीत नाही ते मला कसं माहीत? तो नाही आला तर ह्या पोरीपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?

बोलले ते बोलले. आता त्यालाच यावं लागेल.

२ जानेवारी १९४९, रविवार

काश्मीरची लढाई थांबली. पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं, रेडिओवर आलं म्हणे.

तानूनं गाठोडं सोडून लुगडी पुन्हा पेटीत ठेवली. मला न विचारता माझ्या पेटीत.

१७ जानेवारी, सोमवार

दुपारी कार्ड आलं. मराठी. पोस्टमन म्हणाला वाचून दाखवू का, मी म्हटलं, मला येतं.

अक्षर ओळखलं, पण ओळखणं वेगळं नि वाचणं वेगळं. एकेक अक्षर लावत होते. "ती-र्थ-रू-प"... तानू समोर उभी. म्हणाली, "आत्ती, ते असू द्या, फुडं वाचा." मी म्हटलं, फुडं उडी मारायला ती काय ओढ्यावरची फळी आहे? एक ओळ चुकले तर परत वरून सुरू करावं लागतं. ती रडकुंडीला आली. शेवटी "मी बरा आहे" इथवर पोचले तेव्हा ती मटकन खाली बसली, आणि मला पुढची ओळ दिसेना. चुलीचा धूर होता.

तर गाडी दरीत गेली, पाय मोडला. तिथल्या धनगरांनी उचलून आपल्या झोपडीत नेला, बकऱ्यांच्यात. बर्फ पडलं, वाट बंद झाली. दोन महिने त्यांनी दूध नि मक्याची भाकरी घालून जगवला. लढाई पुढं सरकली तेव्हा लष्कराच्या हाती लागला, आता इस्पितळात आहे. पाय आखूड राहील. डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली.

धनगरांकडे पोस्ट नव्हतं, हे मान्य. पण इस्पितळात येऊन महिना झाला म्हणतो. महिनाभर काय करत होता? बोटं पायाची गेलीत.

लिहिणार आहे त्याला. मी स्वतः.

तानू तशीच उठून बाहेर गेली. मला वाटलं शेजारणींना सांगायला. बऱ्याच वेळानं आली. देवळात गेली होती. मी विचारलं, आता तुला कुंकू लावायचं असेल तर... एवढंच म्हटलं. पुढचं कसं म्हणायचं ते माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "नको, आत्ती. मला काय त्याची गरज न्हाय आता. मरियेचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

रात्रीची आमटी घट्ट होती. खारट झाली होती, पण घट्ट.

२४ डिसेंबर १९४९, शनिवार

वही वर्षभर बंद होती. लिहायला वेळ कुणाला? शांतवन घरी आहे, काठी घेऊन चालतो. लॉरी सुटली, गूळ बाजारात काट्यावर बसतो. सासरा गुळाची गाडी घेऊन येतो नि वजनावरून जावयाशी भांडतो. सगळं ठीक चाललंय म्हणायचं.

मध्यंतरी त्यानं ही वही वाचली. मी विचारलं नव्हतं. सुईणीच्या जागी आल्यावर मोठ्यानं हसला. काय हसतोस विचारलं तर म्हणाला, काही नाही आई, तू फार छान लिहितेस. नंतर मात्र बराच वेळ एकाच पानावर होता. कुठलं पान ते मी बघितलं नाही.

आज पेटी काढली. या वेळी तो नि मी, दोघांनी धरून. मूर्ती नीट आहेत, पण भाताचं पिंजर घासून मरियेच्या कपाळाचा रंग पार उडाला होता. नुसता फिकट डाग. तानूनं बघितलं, माझ्याकडे बघितलं, नि म्हैस पुसायला घेतली.

मी घरी जाऊन झुंबरबाईकडून पणत्या रंगवायला आणलेला लाल रंग घेऊन आले. काडीच्या टोकाला बुडवला. मरियेला मांडीवर घेऊन टेकवला. थोडं वाकडं गेलं.

मान वर केली तर पाळकसाहेब दारात. केव्हाचे उभे होते कोण जाणे.

"धोंडुबाई," ते म्हणाले, "रंग पक्का होता ना?"

मी काडी पदराला पुसली. म्हटलं, "आता झाला."